आगमनकाळाचे चार रविवार आणि लहान मुलांचं घर

प्रश्न असा आहे: ‘आंटी, आम्ही दोघंही नोकरीला आहोत. वसई रोडहून रोज चर्चगेटपर्यंत जाणं-येणं. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. सासूबाई आमच्यासोबत असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. माझं माहेर मडगावचं, सासर वसईचं. त्यामुळे दोन्हीकडचे पदार्थ व्हायला हवेत असं मला वाटत राहतं. मागच्या वर्षी 22 तारखेनंतर सगळं करायला घेतलं. तळलेले गोड कुलकुल मऊ पडले, केक मधोमध कच्चा राहिला, 24 ला संध्याकाळी मुलीला ताप भरला आणि मी स्वयंपाकघरात रडत बसले. सासूबाई पूर्वी दहा-बारा पदार्थ करायच्या. यंदा मी काय करू आणि काय सोडू?’

मी वसईत गेली तीस वर्षं नाताळच्या फराळाच्या ऑर्डरी घेते आहे आणि त्याच वर्षांत तीन मुलं वाढवली. दोन्ही कामं एकाच ओट्यावर झाली. म्हणून पाककृती थोड्या मागे ठेवते आणि आधी तारखांचं बोलते. तुझे कुलकुल आणि केक बिघडले ते हात वाईट म्हणून बिघडले नाहीत, तारखा चुकल्या म्हणून बिघडले.

यंदा तुझ्या घरी पाच पदार्थ असतील. तीन घरी होतील, दोन बाहेरून येतील. आणि 23 डिसेंबरच्या रात्री तळणीची कढई धुऊन वर ठेवली जाईल, ती नाताळ होईपर्यंत खाली उतरणार नाही. एवढं मान्य असेल तर पुढचं वाच.

चर्चने वेळापत्रक आधीच आखून दिलं आहे, आपण ते फक्त प्रार्थनेपुरतं वापरतो. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. 2026 मध्ये पहिला रविवार 29 नोव्हेंबरला येतो, मग 6, 13 आणि 20 डिसेंबर. नाताळ शुक्रवारी. दरवर्षी असं ऐसपैस मिळत नाही. 2023 मध्ये चौथा रविवार खुद्द 24 डिसेंबरला आला होता, तेव्हा आम्हा ऑर्डरवाल्यांची फार ओढाताण झाली. यंदा चौथ्या रविवारनंतर चार दिवस हातात आहेत.

प्रत्येक रविवारी एकच मोठं काम कर. त्यापलीकडे काही करू नकोस.

29 नोव्हेंबर, पहिला रविवार. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावायच्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिली जांभळी आज मुलीच्या हाताने, तुझा हात तिच्या हातावर ठेवून पेटव. मग केकचा सुकामेवा भिजत घाल. काळ्या मनुका, बेदाणे, बिया काढलेला खजूर, संत्र्याची पाकवलेली साल, थोडी चेरी, सगळं बारीक चिरून 400 ग्रॅम. याचे दोन भाग कर. एक भाग रममध्ये, काचेच्या बरणीत, बाहेरच राहू दे. दुसरा भाग संत्र्याच्या रसात दहा मिनिटं मंद आचेवर शिजव आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेव. रसातला मेवा बाहेर ठेवलास तर आंबेल. दोन भाग अशासाठी की केक भाजला म्हणून त्यातली रम पुरती उडून जात नाही. मुलांचा केक वेगळाच असायला हवा.

6 डिसेंबर, दुसरा रविवार. आज केक. हाच सेंट निकोलसचा सण, मायराच्या त्या बिशपचा, ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला. मुलीच्या चपलेत एक संत्रं आणि दोन चॉकलेटं ठेवलीस तरी तिचा दिवस साजरा होईल, आणि 25 च्या खेळण्यांचा हट्टही थोडा हलका होईल.

तुझा केक मध्ये कच्चा का राहिला ते सांगते. तू नक्की एक किलोचं एकच भांडं लावलं असणार. घरगुती ओटीजी ओव्हनमध्ये वरची सळई भांड्याच्या फार जवळ येते. वरचा थर करपतो, आपल्याला वाटतं झाला, आणि पोटात पीठ ओलंच असतं. म्हणून दोन लहान भांडी घे. मैदा, लोणी, साखर प्रत्येकी 200 ग्रॅम, अंडी चार, बेकिंग पावडर एक चमचा, जायफळ-दालचिनी-लवंगेची पूड अर्धा चमचा. वेगळी चार चमचे साखर जाड बुडाच्या पातेल्यात काळपट तांबडी होईपर्यंत जाळ आणि त्यात अर्धी वाटी गरम पाणी दुरून, सावकाश ओत. ते फार जोरात उसळतं. त्या पाच मिनिटांत दोन्ही मुलं स्वयंपाकघराबाहेर, दार लावलेलं, आणि बाहेर त्यांच्याजवळ मोठं माणूस. हा काळा पाक पूर्ण गार झाल्याशिवाय लोण्यात घालू नकोस, नाहीतर मिश्रण फाटतं.

लोणी-साखर पांढरी हलकी होईपर्यंत फेट, अंडी एकेक करून घाल, मग पाक, मग मैदा. आता मिश्रण दोन भांड्यांत अर्धं-अर्धं कर. एकात रमचा मेवा, दुसऱ्यात रसाचा. मेवा निथळून, दोन चमचे कोरड्या मैद्यात घोळूनच घाल, म्हणजे तळाशी बसत नाही. भांड्यांना बटर पेपर दुहेरी लाव, ओव्हन 160 अंशांवर, खालच्या कप्प्यात, 50 ते 60 मिनिटं. पहिली 40 मिनिटं दार उघडायचं नाही. मुलगी काचेतून बघेल, तिला तेवढंच करू दे. काडी घालून कोरडी आली की झाला.

रमचा केक गार झाल्यावर बटर पेपर आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेव, पुढच्या दोन रविवारी वरून चमचाभर रम शिंपड. रसाचा केक तसाच गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेव आणि 23 च्या रात्री बाहेर काढ. हे दोन केक झाले की डिसेंबरचं सगळ्यात अवघड काम संपलं, आणि तारीख अजून 6 आहे.

13 डिसेंबर, तिसरा रविवार. गुलाबी मेणबत्ती, आनंदाचा रविवार. या दिवशी कुलकुल, आणि हे मी मुद्दाम याच दिवशी ठेवते. चांगले तळलेले कुलकुल तीन आठवडे सहज टिकतात, म्हणजे 13 तारखेचे कुलकुल तीन राजांच्या सणापर्यंत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पुरतात.

अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, 50 ग्रॅम तुपाचं कडक मोहन आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध. अंडं नको, का ते पुढे सांगते. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित मऊ, ओल्या फडक्याखाली तासभर झाकून. मोहन डोळ्यांनी अंदाज करून वाढवू नकोस. जास्त झालं तर कुलकुल तेलात उकलतात.

मऊ पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, तेल जास्त तापलेलं. वरून लगेच रंग येतो, आपण घाईने काढतो, आत ओल राहते. ती ओल रात्रभर डब्यात पसरते आणि तिसऱ्या दिवशी सगळे सादळतात. मध्यम आचेवर तळ. एक घाणा सात-आठ मिनिटं घेतो, घेऊ दे. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की आतली ओल गेली असं समज. मग कागदावर पसरून दोन तास पूर्ण गार, आणि त्यानंतरच डब्यात. रात्री अकराला तळून साडेअकराला डबा बंद केलास की मेहनत गेली. झाकण सकाळी लाव.

आता मुलीचं. पाच वर्षांच्या मुलाला नाताळच्या सगळ्या कामांत हे एकच काम खऱ्या अर्थाने जमतं. काटा चमचा किंवा कोरा करकरीत कंगवा तुपाचं बोट लावून तिच्यापुढे ठेव. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गोळी दे. ती अंगठ्याने गोळी दात्यांवर दाबेल, पुढे सरकवेल, आणि पीठ स्वतःभोवती वळत येईल. पहिल्या दहा चपट्या होतील. अकरावी कधीतरी नीट वळेल, तिच्या पाठीवर रेघा उमटतील, आणि ती दोन बोटांत उचलून तुला दाखवायला आणेल. माझी धाकटी त्या वयात जीभ दातांत धरून वळायची आणि स्वतःचे कुलकुल वेगळ्या ताटलीत ठेवायची, कुणी त्यात मिसळले तर रडायची. तुझ्या मुलीलाही वेगळी ताटली दे, ते वेगळे तळ, आणि शेजाऱ्यांच्या ताटात तिचेच आधी जाऊ देत, वाकडे असले तरी.

पण वळणं दुपारी आणि तळणं मुलं झोपल्यावर. चौदा महिन्यांचं मूल आईच्या मागे येतं आणि हाताला लागेल ते ओढतं. कढई मागच्या शेगडीवर, झाऱ्याचा दांडा आतल्या बाजूला, आणि तेल गार होऊन गाळल्याशिवाय कुणी झोपायला जायचं नाही. हे मी ऑर्डरींचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

त्याच दिवशी संध्याकाळी दोन उथळ ताटांत माती पसरून भिजवलेले गहू किंवा नाचणी पेर. नवरात्रात शेजारणी घटात धान्य पेरतात, अगदी तसंच. रोज पाणी शिंपडायचं काम मुलीला. अकरा दिवसांत वीतभर हिरवं गवत उभं राहतं आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती ते शेत म्हणून शोभतं. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या गवताला ती कधी हात लावणार नाही, पण हे रोज बघायला धावेल.

20 डिसेंबर, चौथा रविवार. मार्झिपान आणि गोठा. मार्झिपान मी तुझ्या सासूबाईंसाठीच निवडलं आहे, कारण ते बसून करायचं काम आहे. दोन वाट्या काजूची कोरडी पूड चाळून घे. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक, त्यात पूड घालून मंद आचेवर घोट. गोळा कडा सोडू लागला की उतरव आणि दोन थेंब बदामाचा अर्क घाल. जुन्या पद्धतीत अंड्याचा पांढरा घालतात, आपण घालणार नाही. उभं राहून घोटायची ती दहा मिनिटं तुझी किंवा तुझ्या नवऱ्याची. गोळा कोमट झाला की सासूबाईंना खुर्चीवर बसवून पुढ्यात साचे दे. पानं, मासे, शिंपले, फुलं. त्यांच्या बोटांत पन्नास वर्षांचा सराव आहे, तो गुडघ्यांमुळे वाया का जावा?

बाकीचे दोन पदार्थ बाहेरून. दोदोलला गूळ, नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ घेऊन काही तास अखंड ढवळत राहावं लागतं. लहान मुलं असलेल्या बाईने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मडगावहून आईला पाठवायला सांग, गोव्याची चव त्यातच आली. बेबिंकाचा मोह झाला तर तीही तिकडूनच मागव, एकेक थर भाजत बसायला तुझ्याकडे अख्खी दुपार नाही. आणि गुलाबाची फुलं, म्हणजे लोखंडी साच्याने तळायची ती कुरकुरीत फुलं, वसईत चांगली करून देणाऱ्या कितीतरी बाया आहेत. नवा साचा रात्रभर तेलात ठेवून मुरवावा लागतो, आणि पिठात पाऊणच बुडवायचा हे हाताला कळायला दोन-तीन वर्षं लागतात. पूर्ण बुडवला की फूल साच्यातून सुटतच नाही. ती ऑर्डर 5 तारखेच्या आत दे. 15 नंतर आम्ही नाही म्हणतो, आणि ते आम्हालाही जड जातं.

सोडायचं काय ते आता नीट लिहून घे. घरचा दोदोल, घरची बेबिंका, करंज्या, मिल्क क्रीम, पेराद, खजुराचे रोल, थाळी स्वीट. करंज्या सोडताना तुझ्या जिवावर येईल हे मला माहीत आहे. पण ओल्या नारळाच्या करंज्या दोन-तीन दिवसच टिकतात, म्हणजे त्या 23 लाच कराव्या लागतात, आणि मागच्या वर्षी तुझा गळा ज्या दोन दिवसांत दाटला त्याच दिवसांत त्या परत येऊन बसतील. मुलगा तीन वर्षांचा झाला की करंज्या परत आण.

सासूबाईंच्या दहा-बारा पदार्थांबद्दल एक सांगते, कारण ते ओझं तू मनावर घेऊन बसली आहेस. त्या काळी आमच्या गावांत कुलकुल एकटी बाई करतच नसे. आज एकीच्या ओटीवर, उद्या दुसरीच्या. जावा, नणंदा, शेजारणी परात मधे घेऊन बसायच्या, गाणी व्हायची, पोरं अंगणात असायची. दहा पदार्थ आठ जणींच्या सोळा हातांनी व्हायचे. ती यादी तुझ्या हातात आली, पण त्या जणी आल्या नाहीत. त्यामुळे यादी छोटी करण्यात तुझ्या सासूबाईंचा किंवा वसईचा काही अपमान नाही. आणि जमलं तर 13 तारखेला इमारतीतल्या दोघी-तिघींना बोलाव. दिवाळीच्या करंज्या वळणाऱ्या हातांना कुलकुल शिकायला अर्धा तासही लागत नाही.

तुझा नवरा या सगळ्यात कुठे आहे ते तू लिहिलेलं नाहीस. त्याला ‘मदत’ सांगू नकोस, पूर्ण कामं दे. चांदणी टांगणं, गोठा उभा करणं, दिव्यांच्या वायरी तपासणं, तळणीची भांडी, ताटं पोचवणं आणि रोज रात्री मुलांना झोपवणं, ही त्याची. केकचं मिश्रण फेटायलाही त्याला लाव, आमच्याकडे ते काम पहिल्यापासून माझ्या नवऱ्याचं. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या असलेले दिवे, गाणारी भेटकार्डं, चमकणाऱ्या टोप्या घरात आल्या तर त्यांची झाकणं स्क्रूने बंद आहेत का तेही त्यानेच बघायचं. ती बॅटरी बाळाने गिळली तर अन्ननलिका आतून भाजते, आणि तसा नुसता संशय आला तरी क्षण न घालवता इस्पितळात न्यायचं असतं. अख्खे काजू आणि शेंगदाणेही दोन्ही मुलांना देऊ नकोस, पाच वर्षांच्या मुलीलाही चुरून दे.

आठवड्याच्या दिवसांत काही मोठं नको. ऑफिस, लोकल आणि त्यावर शाळेचं स्नेहसंमेलन, एवढं भरपूर झालं. चर्चमधलं पापनिवेदन दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातच उरकून घे, शेवटच्या दिवसांत रांगा बाहेरपर्यंत येतात. नाताळगीतांचा गट तुमच्या विभागात फिरेल त्यातल्या एकाच संध्याकाळी मुलीला घेऊन जा, तीही आपल्या इमारतीपासून चार घरांपर्यंत. मागच्या वर्षीचा ताप मी पाहिला नाही, पण सलग चार रात्री अकराच्या पुढे जागलेली पाच वर्षांची पोर आजारी पडली तर मला नवल वाटणार नाही.

21 ते 24 असं जाऊ दे.

21 सोमवारी काही नाही. 22 मंगळवारी रात्री सोरपोतेल. ते ताजं खायचंच नसतं. सिरक्यात मसाला मुरायला दोन-तीन दिवस लागतात आणि तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते. डुकराचं मटण आधी अर्धवट उकडून बारीक चौकोनी चिरायचं असतं. ते उकडणं-चिरणं 20 लाच करून फ्रीझरमध्ये ठेवलंस तर 22 ला तासाभरात काम होईल. 23 आणि 24 ला एकदा खळखळून उकळायचं आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं. मुलांसाठी बिनतिखट चिकन स्ट्यू 25 ला. फुग्यांचं, म्हणजे आंबवून तळायच्या गोल पावांचं, पीठ तू करू नकोस. डिसेंबरच्या गारव्यात ते फुगायला किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो, आणि फुग्या गरमच लागतात. शेजारी करत असतील तर त्यांच्याकडून घे, नाहीतर सांदणं मागव. तेही नाही तर बेकरीचा पाव, सोरपोतेलबरोबर तो काही कमी लागत नाही.

दोघांनी मिळून रजा ठरवा. एकाने 23 ची, दुसऱ्याने 24 ची. दोघांनीही 24 ची घेतलीत तर सगळी कामं 24 ची वाट बघत बसतील, हे मी घरोघरी पाहिलं आहे.

23 ला ताटं. इथे अंडं नको म्हणाले त्याचं कारण येतं. तुमच्या इमारतीत शाकाहारी शेजारी असतीलच. ते ताट घेतात, हसून थँक्यू म्हणतात, आणि आत काय आहे ते विचारायला संकोचतात. कुलकुल, मार्झिपान आणि दोदोल, तिन्हींत अंडं नाही, दारू नाही. एकच ताट सगळ्यांना चालतं, आणि दारात उभं राहून ‘यात अंडं नाही हं’ असं स्वच्छ सांगता येतं. कुलकुल ताज्या तेलात तळलेले असू देत. केक आणि गुलाबाची फुलं ज्यांना चालतात त्यांना वेगळ्या पाकिटात. ताटांची यादी करताना ज्या घरी यंदा कुणी गेलं आहे ते घर पहिलं लिही. आमच्याकडे दुःखाच्या वर्षी घरी फराळ करत नाहीत, पण मुलांच्या तोंडी गोड जावं म्हणून शेजारी नेऊन देतात. ते ताट दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः जा आणि पाच मिनिटं बस.

24 ला सोरपोतेल उकळण्यापलीकडे काही करायचं नाही. दुपारी मुलांना झोपव, तूही झोप.

मध्यरात्रीच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, तू विचारलं नाहीस, पण मला ठाऊक आहे, मनात असेल. नाताळच्या चार मिस्सा असतात: 24 च्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. चारही पूर्ण नाताळच्या आहेत, आणि चारपैकी कुठल्याही एकीला गेलं की सणाचं कर्तव्य पूर्ण होतं. बाळ असताना रात्रीच्या थंडीत, गर्दीत दोन तास उभं राहण्यापेक्षा सकाळची मिस्सा बरी. किंवा वाटून घ्या. तू सासूबाईंना घेऊन रात्रीची कर, सकाळची तो मुलीला घेऊन करेल. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, वेळा काय आहेत ते आधीच्या रविवारी विचारून ठेव, आणि सासूबाईंसाठी खुर्ची मिळेल का हेही.

आता माझी गोष्ट, जी मी क्वचितच सांगते. 1999 मध्ये मी 40 किलो फराळाची ऑर्डर घेतली होती. थोरली सहा वर्षांची, धाकटी अंगावर पिणारी. आमच्या घरी रिवाज असा की गोठ्यातली गव्हाण रिकामी ठेवायची आणि मिस्सेनंतर घरातल्या सगळ्यात लहान चालत्याबोलत्या मुलाने बाळ येशूला तिथे निजवायचं. थोरली संध्याकाळी सातला देवदूताचा झगा घालून तयार बसली होती. मी शेवटचे डबे पोचवून दहाला घरी आले तर ती त्याच झग्यात, बाळ येशूची मूर्ती मुठीत धरून, गोठ्यापुढे जमिनीवर झोपली होती. मी तिला उचलून पलंगावर ठेवलं आणि तशीच पुढच्या कामाला लागले. नाताळचा दिवस गिऱ्हाईकांत गेला. 26 ला सकाळी उठले तर गव्हाणीत बाळ होतं. तिने एकटीनेच ठेवलं होतं, कुणालाही न सांगता, आणि वर तिचा रुमाल पांघरला होता. पुढच्या वर्षापासून मी 23 ला संध्याकाळी शेवटची ऑर्डर देते. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, काही परत आली.

म्हणून गोठ्याचं काम फराळाच्या नंतर उरलेल्या वेळात करू नका. आसिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला तेव्हा त्यात खरा बैल आणि गाढव होतं, आणि गव्हाणीत खरं गवत. तेवढं गवत तुमच्याही गोठ्यात असू दे. 29 नोव्हेंबरपासून एक रिकामी गव्हाण, म्हणजे काड्यापेटीची असली तरी चालेल, मुलीजवळ ठेव. बाजूला पेंढ्याच्या काड्या. भावाला खेळणं दिलं, आजीला पाणी आणून दिलं, की एक काडी गव्हाणीत. नाताळपर्यंत बाळासाठी बिछाना तयार होतो. आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे वर्षानुवर्षं करून घेतो, आणि बिछाना कमी पडेल म्हणून घरी झाडून काढायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत. वय पाच म्हणजे याला अगदी योग्य.

25 ला घरी येऊन जाणाऱ्यांसाठी एक डबा ओट्यावरच उघडा ठेव आणि चहाचं थर्मास भरून. कुणाला बसायला जागा कमी पडली तर पडू दे, घर आवरण्यात सकाळ घालवू नकोस. 26 आणि 27 यंदा शनिवार-रविवार आहेत. ज्या नातेवाइकांकडे जायचं राहिलं ते तेव्हा, कारण नाताळ 25 लाच संपत नाही. गोठा तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायचा असतो, आणि आपल्याकडे लग्नंही आगमनकाळ संपल्यावर, नाताळनंतरच सुरू होतात, तेव्हा साड्या इस्त्री करून वरच ठेव.

आजच करायचं ते एवढंच: आईला दोदोलचा फोन, फुलांची ऑर्डर, आणि काळ्या मनुका. मनुका बिया नसलेल्याच घे, दुकानदार बियांच्या स्वस्त म्हणून गळ्यात मारतात आणि त्या केकमध्ये दाताखाली येतात.